सरबत खपतं, पण पैसा उरत नाही: छोट्या कोकम युनिटची तपासणी कुठून सुरू करायची

एप्रिलच्या शेवटी, कोकमं पिकायला लागली की मला फोन यायला लागतात. परवाचा फोन कणकवलीकडच्या एका काकींचा होता. "गो बाय, माल तर सगळो खपता, मगे पैसे खंय जातत?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

कुडाळ तालुक्यात आमचं स्वतःचं सरबताचं युनिट होतं. पाच हंगाम चालवलं आणि बंद करावं लागलं. त्यानंतर मी सावंतवाडीपासून राजापूरपर्यंतच्या छोट्या युनिटांचे हिशेब आणि उत्पादन लावून द्यायचं काम करते. बहुतेक ठिकाणी दुखणं एकच असतं आणि ते विक्रीचं नसतं. पैसा बाटल्यांत, दुकानांत किंवा यंत्रात अडकून बसलेला असतो. माणसं मात्र सगळ्यात महाग उपायापासून सुरुवात करतात. नवं लेबल, नवं मशीन, मुंबईत स्टॉल. खाली दिलेला क्रम उलटा आहे. आधी फुकटच्या तपासण्या, खर्चाच्या नंतर.

लक्षणं

यातली तीन जरी जुळली तरी पुढचं सगळं क्रमाने करा.

- गेल्या वर्षी विक्री चांगली झाली, तरी यंदाचं कोकम दारात आलं तेव्हा घ्यायला रोख नाही.
- मजुरी वेळेवर जाते, पण तुम्ही स्वतः एकदाही पगार घेतलेला नाही.
- दुकानदार "माल पाठवा" म्हणतो, "पैसे घेऊन जा" म्हणत नाही.
- पावसाळ्यात बाटल्यांची बुचं फुगतात, उघडल्यावर फस्स आवाज येतो किंवा पाकाला आंबूस वास येतो.
- दुकानाच्या काचेत ठेवलेलं लाल सरबत विटकरी, मग तपकिरी होतं आणि माल परत येतो.
- कोठीत गेल्या वर्षीची तारीख असलेली खोकी आहेत आणि ती किती आहेत हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.
- हप्ता भरायला दागिने ठेवलेत, किंवा ठेवायचं बोलणं चाललंय.

पहिली तपासणी: एका बाटलीचा हिशेब (खर्च: वही आणि एक संध्याकाळ)

इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण निम्मी दुखणी इथेच सापडतात.

आधी एक गोष्ट तपासा, ती फार ठिकाणी चुकलेली असते. सरबताचं वजन मिलीत धरू नका. साखरेचा घट्ट पाक पाण्यापेक्षा बराच जड असतो. ७५० मिलीच्या बाटलीत जवळजवळ एक किलो सरबत मावतं, ७५० ग्रॅम नव्हे. एका बचत गटातल्या ताईंनी शंभर किलो सरबत केलं की १३३ बाटल्या निघतील असं गणित मांडलं होतं. निघायच्या शंभर, फार तर एकशे एक. दोन हंगाम त्यांना वाटत होतं की भरणाऱ्या मुलींपैकी कुणीतरी सरबत घरी नेतंय. मी वजनकाटा मांडला, एक रिकामी बाटली आणि एक भरलेली बाटली त्यांच्या समोर ठेवली. काटा बघून त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या. मग उठून ज्या मुलीवर संशय होता तिच्या घरी गेल्या.

आता हिशेब मांडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. ७५० मिलीच्या एका बाटलीला साखर २८ रुपये, कोकम २२, बाटली-बूच-लेबल-खोका मिळून २७, मजुरी १२, गॅस-वीज-पाणी ४. एकूण ९३. छापील किंमत १८०. वरवर बघता ८७ रुपये सुटतात आणि इथेच बहुतेकजण वही मिटतात.

वही मिटू नका. दुकानदाराचे ३० टक्के म्हणजे ५४ गेले, राहिले १२६. मधल्या वितरकाचे २० गेले, राहिले १०६. गाडीभाडं ६, राहिले १००. त्यातून ९३ वजा केले की ७. फुटलेली, फुगलेली आणि चवीला दिलेली बाटली सगळ्यांवर वाटली की त्यातले ४ जातात. हातात ३ रुपये. जागेचं भाडं, कर्जाचा हप्ता, जीएसटीची नोंदणी असेल तर तो, आणि तुमचा स्वतःचा पगार या तीन रुपयांतून निघायचा आहे.

म्हणून विक्री वाढवली की परिस्थिती सुधारत नाही, उलट बिघडते. जास्त बाटल्या विकायच्या तर जास्त साखर, जास्त खोकी, जास्त उधारी लागते आणि प्रत्येक बाटलीमागे सुटतात तेच तीन रुपये.

आपल्या कष्टाचा पगार हिशेबात धरा, हे मी हात जोडून सांगते. घरच्या बायका पहाटे चारपासून कोकमं फोडतात, त्यांचे हात आठ-आठ दिवस लाल असतात, आणि वहीत त्या कष्टाची किंमत शून्य लिहिलेली असते. ती मजुरी धरून बाटली परवडत नसेल, तर तुमच्या घरातल्या बायका तो धंदा स्वतःच्या अंगावर चालवताहेत.

उपाय दोनच आहेत. एक, किंमत वाढवणं. लोक म्हणतात, दहा रुपयांत थंड पेय मिळतं तर आमचं कोण घेणार? कॅम्पा २०० मिली दहा रुपयांत आलं तेव्हा हे मी सारखं ऐकलं. पण त्या बाटलीशी तुमची तुलनाच होत नाही. तुमच्या एका बाटलीत पाचपट पाणी घातलं तर २०० मिलीचे बावीस ग्लास होतात. छापील १८० धरले तरी ग्लास नऊ रुपयांच्या आत येतो, तोही खऱ्या कोकमाचा. "या बाटलीत २० ग्लास" हे लेबलवर ठळक छापा. नव्या डिझाइनपेक्षा या एका ओळीचा उपयोग जास्त होतो. दुसरा उपाय, मधला माणूस कमी करणं. घरून, होमस्टेमधून, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना थेट विकलेली बाटली दुकानातल्या कितीतरी बाटल्यांइतकं देते. वरचा हिशेब परत मांडून बघा, पटेल.

कुरिअरने पाठवणार असाल तर काचेची बाटली धरून पार्सल दीड किलोच्या आसपास जातं, हे विसरू नका. किंमत ठरवताना सरबताचं नाही, पार्सलचं वजन करा.

दुसरी: कोठी मोजा (खर्च: एक दिवस)

सगळी खोकी बाहेर काढा आणि तारखेप्रमाणे रांगा लावा. दुकानांत ठेवलेला मालही मोजा. हाताने, एकेक बाटली. हे महत्त्वाचं का, तर बऱ्याच वह्यांत "दुकानात दिला" म्हणजे "विकला" असं लिहिलेलं असतं. तो माल जाकडावर असतो. विकला नाही तर तो परत येणार, आणि येताना रंग गेलेला असणार.

कोकमाचा लाल रंग उन्हाने आणि उष्णतेने जातो. हायवेवरच्या दुकानदाराला बाटल्या दर्शनी काचेत मांडायला आवडतं, आणि दुपारी तिथेच ऊन येतं. मी दुकानदाराला नुसतं रंगीत पाणी भरलेली बाटली मांडायला देते आणि खरा माल आतल्या फळीवर ठेवायला सांगते. तुमची स्वतःची कोठी पत्र्याखाली असेल तर तिथेही हेच होतं. वर झावळ्या घाला, आणि खोकी भिंतीपासून व जमिनीपासून उचलून ठेवा.

मोजताना चवीही मोजा. कोकम, आवळा, जांभूळ, करवंद, आलं-लिंबू, कैरी असं करत नऊ-नऊ चवी झालेल्या असतात. प्रत्येकीची लेबलं हजारांनी छापलेली, प्रत्येकीची थोडी-थोडी खोकी पडून. ज्या दोन-तीन चवींवर घर चालतं त्या ठेवा.

तिसरी: उधारीची वही (खर्च: फोन)

दुकानाचं नाव, रक्कम, किती दिवस झाले, एवढे तीन रकाने करा. साठ दिवसांवरची नावं लाल करा. त्या दुकानांना मागचे पैसे येईपर्यंत नवा माल नाही, मग तो चुलतभाऊ असो वा गावचा सरपंच. हे बोलणं जड जातं, मला माहीत आहे. माझ्या सोबतीने फोन लावताना बायका घामाघूम होतात. पण पहिल्या तीन फोननंतर आवाज स्थिरावतो आणि बहुतेक ठिकाणी निम्मे तरी पैसे येतात.

उद्यम नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवेत, असं २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात आहे. उशीर झाला तर चढं व्याजही लागतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याविरुद्ध कुणी तक्रार करायला जात नाही. पण मोठी हॉटेलं आणि वितरक यांच्याशी बोलताना बिलावर उद्यम क्रमांक असला की बोलणं बदलतं, हे मी पाहिलेलं आहे.

चौथी: फुगणाऱ्या बाटल्या (खर्च: दोन-तीन हजारांचा मीटर)

यात पैशाबरोबर नावही जातं, आणि काचेची बाटली फुटली तर माणूस जखमी होतो.

सरबत टिकतं ते मुख्यतः साखरेमुळे. पाकात विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर, ६५ टक्क्यांच्या वर असतील तर बहुतेक यीस्टला वाढायला पाणीच मिळत नाही. फळांच्या सिरपसाठी नियमातलं किमान प्रमाणही ६५ टक्केच आहे. ते हाताने, तारेने किंवा जिभेने कळत नाही, रिफ्रॅक्टोमीटरनेच, म्हणजे थेंबातली साखर मोजणाऱ्या मीटरनेच, कळतं. घेताना पट्टी बघून घ्या. दुकानात सहज मिळतो तो ० ते ३२ टक्क्यांचा, रसासाठी. तुम्हाला ५८ ते ९० चा हवा. चुकीचा मीटर घेऊन "सगळं सरबत वरच्या टोकाला जातं म्हणजे भरपूर साखर आहे" असं समजणारी दोन युनिटं मला भेटलीत.

मोजायची रीत अशी. पिंप तळापासून ढवळा, कारण न विरघळलेली साखर खाली आणि पातळ पाक वर असतो. थेंब गार होऊ द्या. मग पिंपाच्या वरून, मधून आणि खालून असे तीन थेंब बघा. तिन्ही आकडे सारखे आले तरच भरा.

आता यातली खरी मेख. आपल्याकडे एक किलो सालाला दोन किलो साखर हे प्रमाण आई-आजीपासून ठरलेलं आहे आणि मे महिन्यातल्या कोकमाला ते बरोबर लागू पडतं. पण पाऊस लागल्यावरचं कोकम पाणी धरतं. तेच प्रमाण, तीच हातोटी, आणि पाक पातळ. आणि शेवटच्या आठवड्यात फळ स्वस्त मिळतं म्हणून नेमकं तेव्हाच जास्त घेतलं जातं. ज्यांच्या बाटल्या फुगतात त्यांची बॅच वही उघडली की जूनच्या तारखा निघतात. उपाय साधा आहे. पाऊस लागल्यावरच्या प्रत्येक पिंपाला मीटर लावा आणि भरण्याआधी साखर वाढवा. बॅच वहीच नसेल तर आजपासून सुरू करा: तारीख, कुणाचं कोकम, साखर किती, मीटरचा आकडा, बाटल्या किती.

दुसरं कारण बुचाखालचं पाणी. गरम पाक भरून बूच लावलं की वाफ बुचाला धरते, गार झाल्यावर थेंब होऊन खाली पडते आणि वरचा एक बोटभर थर पातळ होतो. बुरशी तिथेच धरते. भरल्यावर बाटली थोडा वेळ आडवी करा, म्हणजे गरम पाक बुचाला लागतो.

टिकाऊपणाच्या पावडरीबद्दल थोडंसंच. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमात नको, त्याने लाल रंग उडतो, म्हणून कोकमाला सोडियम बेंझोएट वापरतात. त्याला कायद्याने मर्यादा आहे आणि ते ग्रॅमच्या काट्यावर तोललं पाहिजे. चमच्याने कधीच नाही. आणि फुगलेली बाटली उघडून, परत उकळून, साखर घालून विकू नका. ओतून टाका. मला माहीत आहे ते किती जड जातं.

पाचवी: पैशाचं कॅलेंडर

बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. प्रत्येकात दोन आकडे: गेले किती, आले किती. कोकमाची खरेदी एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सगळी रोख, कारण कोकमं आणून देणारी माणसं संध्याकाळी पैसे घेऊनच जातात. साखर आणि बाटल्याही तेव्हाच. विक्री मात्र मुख्यतः पुढच्या मार्च ते मेमध्ये. मध्ये गणपतीला थोडी, दिवाळीला भेटीच्या खोक्यांत थोडी. म्हणजे मे महिन्यात घातलेला रुपया दहा महिने बाहेर असतो, आणि परत येतो त्याच आठवड्यात पुढचं कोकम दारात उभं राहतं. फायद्यातलं युनिटसुद्धा या दहा महिन्यांत गुदमरतं.

कोकमच कशाला, फळाच्या हंगामावर चालणाऱ्या प्रत्येक छोट्या पेयाचं हेच आहे. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे शेतकऱ्यांनी कर्ज काढून छोट्या वायनरी उभ्या केल्या. द्राक्षं दोन-तीन महिन्यांत घ्यायची आणि वाइन पुढे कितीतरी काळ टाकीत. २००८-०९ च्या मंदीत मागणी बसली, माल टाक्यांत अडकला, व्याज चालू राहिलं. त्यातल्या कित्येक बंद पडल्या, काही मोठ्यांना ठोक वाइन पुरवू लागल्या.

आपल्याला जमण्यासारखं एक आहे. मे महिन्यात सगळं बाटल्यांत भरू नका. पाक खाद्यपदार्थांसाठीच्या बंद पिंपांत ठेवा आणि मागणी येईल तसं भरा. वरच्या हिशेबात बाटली-लेबल-खोक्याचे २७ रुपये होते, ते तरी दहा महिने अडकत नाहीत. लेबलवर तारीख मात्र पाक केल्याचीच घाला, भरल्याची नव्हे. दुसरं, थोड्या कोकमाचं आमसूल करा आणि बिया वाळवून विका. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, काढणारे बिया घेतात, आणि ते पैसे पावसाळ्यात येतात, जेव्हा दुसरं काहीच येत नसतं.

सहावी: यंत्र आणि कर्ज

ही शेवटची, कारण इथे चुकलं तर मागे फिरता येत नाही. पहिल्या पाच तपासण्या पूर्ण केल्याशिवाय मशीनचं कोटेशनही मागवू नका. भरण्याचं मशीन वर्षातले किती दिवस चालणार ते मोजा. चाळीस दिवसांसाठी हप्ता बारा महिने भरायचा आहे.

अनुदान बघून कर्ज काढू नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठेवलेलं आहे आणि योजना चांगली आहे. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या कर्जखात्याशी जोडून ठेवतात, आणि खातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतात. ती तीन वर्षं काढायला खेळतं भांडवल तुमचंच लागतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लागोपाठ दोन बॅच फुगल्या, किंवा मीटरचा आकडा बरोबर असूनही फुगल्या, तर विक्री त्याच दिवशी थांबवा. बाजारातला त्या बॅचचा माल परत आणा आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. फूड टेक्नॉलॉजिस्ट गाठा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आपल्याच मुलखात आहेत. कोकमावर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय, 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती याच विद्यापीठाच्या. कुणी सरबत पिऊन आजारी पडल्याचं कळलं, तर पुढचं काहीही घरी तपासत बसू नका.

हप्ता एकदा चुकला की सीएला बोलवा. दुसऱ्याची वाट बघू नका. ९० दिवस थकल्यावर खातं बुडीत धरलं जातं, त्याआधी हिशेब घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजर हप्ते बदलून द्यायचं बोलू शकतो, नंतर त्याचेही हात बांधलेले असतात. मजुरी द्यायला खासगी व्याजाने पैसे काढायची वेळ आली, तर ते काढण्याआधी सीए. भागीदारांत बोलणं बंद झालं असेल तर वकील.

आणि पहिली तपासणी दोनदा नीट करून, किंमत वाढवून, थेट विक्री करूनही सलग दोन हंगाम बाटलीमागे पगार निघत नसेल, तर बंद करण्याचा विचार करा. घरात सगळ्यांना बसवून, आकडे समोर ठेवून. तो निर्णय मार्चअखेर घ्या, कोकम पिकायच्या आधी. तेव्हा कोठीतला माल उन्हाळ्यात खपून जातो, रिकाम्या बाटल्या दुसरं युनिट घेतं आणि नवीन कर्ज होत नाही. आम्ही जून उजाडल्यावर ठरवलं. तोवर बावीस पिंपं भरली होती, आणि ती विकून संपवायला पुढचा मे आला.